शेवटची फाइल ऐकणाऱ्या निर्मलाताई

नवी हार्ड डिस्क आली की निर्मलाताई ती कॉम्प्युटरला जोडायला लावायच्या आणि सुरू झाली की कानाशी धरायच्या. बाजारात नारळ पारखतात तशी. "फिरतेय बरी, कटकट करत नाही," म्हणाल्या तर ठेवायची, नाहीतर परत. मी नवा होतो तेव्हा मला हसू यायचं.

शनिवार पेठेतल्या आमच्या संस्थेत अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. निर्मलाताई त्या विभागाच्या प्रमुख, स्वतः जन्मांध. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून वेळेवर यायच्या. उशीर आम्हा डोळसांनाच व्हायचा. मग ऐकून घ्यायचं, "काय साठे, आज रस्ता दिसला नाही का?"

एका वर्षी दहावीच्या परीक्षेला महिना उरला आणि जुनी डिस्क भरली. कमिटीने पैसे मंजूर केले जेमतेम. मी दोन दिवस मोबाइलवर शोधून एक टीबीच्या भावात चार टीबीची डिस्क हुडकली. कमिटीने पाठ थोपटली, मी हवेत.

"चौपट माल, त्याच भावात?" ताई म्हणाल्या. "अहो, दुकानदाराच्या घरी कार्य आहे का?"

"रिव्ह्यू चांगले आहेत, ताई."

"रिव्ह्यू ऐकून मुलं पास होणार असतील तर घ्या."

घेतली. ताईंनी कानाशी धरली. "हिला आवाजच नाही हो."

"नवीन टेक्नॉलॉजी आहे," मी ठसक्यात सांगितलं.

दिवसभर कॉपी चालली. संध्याकाळी दहावीचा अख्खा संच नव्या डिस्कवर नावानिशी दिसत होता. रेकॉर्डिंग थेट जुन्या डिस्कवरच व्हायचं आणि उरलेल्या धड्यांसाठी तिच्यावर जागा हवी होती, म्हणून मी ती पुसायला घेतली.

"थांबा. नवीवरचा शेवटचा धडा लावा."

"ताई, सगळी यादी दिसतेय की!"

"तुम्हाला दिसतेय. मुलांना ऐकायचंय."

लावला. शांतता. त्याच्या आधीचा लावला, तोही मुका. सुरुवातीचे पाच-सहा धडे तेवढे वाजले, पुढे नुसती नावं. चार टीबी कुठले, आत एखाद्या पेनड्राइव्हएवढी जागा होती. एक बटण दाबलं असतं तर चाळीस मुलांचं वर्ष माझ्या हातून गेलं असतं. ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "साठे, चहा सांगा. घशाला कोरड पडली असेल तुमच्या."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः माझ्याबरोबर बाजारात आल्या. लहान, साध्या अशा दोन डिस्क घेतल्या, दोन वेगळ्या दुकानांतून. "एकाच घरच्या घेतल्या तर आजारीही एकदमच पडतील." एक कपाटात राहायची, दुसरी रोज ताईंच्या पिशवीत, जेवणाच्या डब्याशेजारी, विश्रांतवाडीला जायची. दोन्ही त्यांनी आधी काठोकाठ भरून बघितल्या. मुलं पास झाली. कमिटीच्या बैठकीत अध्यक्ष माझं कौतुक करायला लागले, तेव्हा मी उभा राहून खरं काय ते सांगितलं. आयुष्यात इतक्या अभिमानाने मी स्वतःची चूक कधीच सांगितली नव्हती.

ताई निवृत्त झाल्या आणि गेल्या हिवाळ्यात गेल्या. त्यांच्या भावाने ती पिशवीतली डिस्क आणून दिली. दमली होती बिचारी, कटकट करायला लागली होती. मी नवी आणली, कानाशी धरली, सगळं कॉपी केलं आणि शिकवल्याप्रमाणे शेवटची फाइल लावली. ती कुठल्याच पुस्तकातली नव्हती.

"काय साठे," ताईंचा आवाज आला, "शेवटपर्यंत आलात ना? शाबास. आता जुनी पुसायला हरकत नाही."

त्यांचं सगळं ऐकलं मी आजवर. एवढं मात्र ऐकलं नाही.