आक्कांचा कपांचा गोळा

आमच्या थोरल्या जाऊबाई कुणी केलेला अपमान विसरत नसत. आम्ही त्यांना आक्का म्हणत असू. माहेर कुंडलचं, आवाज बारीक, चालणं हळू. बघणाऱ्याला वाटावं, बाई अगदी गरीब. पण लागलेला शब्द त्या वर्षानुवर्षं सांभाळत. मी एकदा म्हटलं, "आक्का, सोडून द्या की." त्या म्हणाल्या, "मी राग करत न्हाई गं. निस्ता जपून ठेवती."

शेजारच्या बाई एका होळीला बोलून गेल्या, की तुमच्या पोळ्या जरा जाडच असतात. पुढच्या होळीला आक्कांनी त्यांच्यासाठी एकच पुरणपोळी वेगळी लाटली. तिच्यातून ताटावरचं नाव वाचता येत होतं. ती माझ्या हाती देऊन म्हणाल्या, "वर वाटी ठेवा म्हनावं, न्हाईतर वाऱ्यानं उडंल."

साताऱ्याच्या स्टँडजवळ थोरल्या दिरांचं आइस्क्रीमचं दुकान होतं. आणीबाणी नुकतीच उठली होती आणि प्लास्टिकचे कप आमच्याकडे नवे होते. गिऱ्हाइकं कप टाकून जात, आक्का ते गोळा करून आणत. आम्ही दोघी सोड्याच्या पाण्यात ते धूत असू. मग आक्का दाभण चुलीत तापवून कपाच्या काठाला भोकं पाडत आणि मी शेजारचा कप नायलॉनच्या दोऱ्यानं त्याला बांधत असे. तोंड बाहेर, बूड आत. कप बुडाशी निमुळता असल्यामुळे रांग आपोआप वळते आणि गोळा तयार होतो. मधल्या रांगेत बारा, तिच्या वर-खाली दहा-दहा, त्यांच्यापुढे सहा-सहा आणि तळाला एक. एकूण पंचेचाळीस. वरचं तोंड वायरीसाठी उघडं. प्रत्येक कपाच्या बुडातून विजेच्या माळेतला एक बारका दिवा आत सोडायचा. पहिला गोळा पेटला तेव्हा आक्का त्याच्याकडे न बघता आमच्या तोंडांकडे बघत होत्या.

धाकट्या नणंदेच्या, शालनच्या, लग्नात तो मांडवाच्या दारात टांगला. आदल्या संध्याकाळी सांगलीहून वऱ्हाड आलं. नवरदेवांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, वर पाहिलं आणि म्हणाले, "हे काय, लोकांचे उष्टे कप? आमच्या डोक्यावर टांगता? काढा ते!" बरोबरची माणसं हसली. मामंजींनी लगेच गडी शिडीवर चढवला. त्यानं गोळा वरूनच सोडला. अकरा कप फुटले.

आक्कांनी त्याच दाजींना आग्रह करकरून जिलेबी वाढली. नंतर मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "किती जन हासलं गं?"

मी मोजले होते. "त्यांना सोडून नऊ."

"ध्यानात ठेव."

पण जावयाला कोण काय बोलणार? आमच्याकडे जावई जेवून उठला तर स्वतःचं ताटही उचलत नाही. वर्ष-दीड वर्ष आक्का गप्प होत्या. एवढं मात्र केलं, की अकरा कप नवे घालून गोळा पुन्हा बांधला आणि आमच्या ओटीवर टांगला.

मग दाजींनी सांगलीत कापडाचं दुकान काढायचं ठरवलं. त्यांचे भागीदार एकदा आमच्याकडे येऊन गेले होते. त्यांनी हट्टच धरला, की दुकानाच्या दर्शनी भागात तसलेच दोन गोळे हवेत. शालनचं पत्र आलं. आक्कांनी उत्तर लिहवून घेतलं, "ज्यांना पायजेत त्यांनी यावं."

दाजी आले. चहा झाला, पोहे झाले. मग आक्का अदबीनं म्हणाल्या, "गोळं करून देती की. पर कप उष्टं हायती. तेवढं धुऊन द्या."

दाजी हसले. आक्का हसल्या नाहीत.

मामंजी कळवळले, "अगं, जावई हाय त्यो!"

"मामंजी, जावयाच्या डोक्यावर उष्टं जाऊ नये म्हनूनच सांगती."

मामंजी उठून आत गेले. दाजींनी विजारीचे पाय वर दुमडले आणि नळाशी बसले. शेजारच्या बायकांना आक्कांनी सकाळीच शेवया करायला बोलावलं होतं. त्या अंगणातच बसल्या होत्या. मी मोजल्या. नऊ.

"दाजी, त्यो तिसरा चिकट हाय बगा," एक म्हणाली.

"सांगलीकडं सोडा न्हाई व्हय घालत?" दुसरी म्हणाली.

नव्वद कपांना दोन तास दहा मिनिटं लागली. आक्कांनी प्रत्येक कप उजेडात धरून पाहिला आणि चार परत दिले. एवढी गोड शेवयांची खीर मी पुन्हा खाल्लेली नाही.

मला वाटलं, आता त्या गोळे वाईट करून देतील. पण बोटं भाजेपर्यंत त्यांनी जीव ओतून काम केलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "वाईट केलं तर चार दिसांत फेकून देतील. चांगलं केलं तर रोज बगावं लागंल."

तसंच झालं. गोळे अकरा वर्षं त्या दुकानात होते. गिऱ्हाइकं विचारत, कुणी केले? गल्ल्यावर शालन बसे. ती प्रत्येकाला सांगे, "आमच्या थोरल्या वैनींनी. कप ह्यांनी धुतले."

आक्का जाऊन आता सहा वर्षं झाली. शेवटच्या आजारात, मी एकटीच जवळ असताना, त्या म्हणाल्या, "दाजींना सांग, माझा राग गेला. शालनला त्यांनी सुखात ठेवलं." दुसऱ्या दिवशी त्यांची शुद्ध गेली.

दाजी दर दिवाळीला येतात. केस पिकलेत, बोलणं मऊ झालंय. चहा घेताना दर वेळी विचारतात, "वैनी, आक्का शेवटी माझ्याबद्दल काही बोलल्या होत्या का हो?"

मांडवातला तो गोळा मीही बांधला होता. त्याबद्दल माझ्याशी आजवर कुणी चकार शब्द बोललेलं नाही.

मी त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतते आणि म्हणते, "आठवत नाही बाई."

मला सगळं आठवतं, हे दाजींना चांगलं ठाऊक आहे.