मुलाखतीची तारीख चित्रात होती

मार्चमधल्या एका सोमवारी माझी थोरली बहीण लालबर्र्याहून बसने बालाघाटला आली आणि संगीत शिक्षिकेच्या मुलाखतीला एक दिवस उशिरा पोहोचली. अर्ज देताना तिला सोमवार सांगितला होता. मुलाखती रविवारीच उरकल्या. बदलाची सूचना त्या खासगी शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळावर आठवडाभर होती.

बहिणीला दिसत नाही. ती फोनमधल्या स्क्रीन रीडरवर ऐकून वाचते. तो अक्षरं वाचतो. चित्र आलं की त्यामागे कोणी वर्णन लिहून ठेवलं असेल तर तेवढंच बोलतो. आमच्याकडे सूचना लिहीत नाहीत, सजवतात. वर पदाधिकाऱ्यांचे गोल फोटो, बाजूंना झेंडूच्या माळा, मधे कुठेतरी मजकूर. मग ते सगळं एक चित्र म्हणून संकेतस्थळावर चढवतात. बहिणीने आधी तक्रार केली होती, तेव्हा संस्थेने प्रत्येक चित्रामागे वर्णन भरलं आणि त्याची बातमी छापून आणली.

मी तिच्यासोबत कार्यालयात गेलो. संकेतस्थळ सांभाळणारे गृहस्थ हसतमुख होते.

“दीदी, आपके लिए ही तो लिखवाया है,” ते म्हणाले.

“हौ भाऊ, आयकलं ना. माननीय अध्यक्ष महोदय, माननीय उपाध्यक्ष महोदय, माननीय सचिव महोदय. मले वाटलं, कोणाचा सत्कार असन. तारीख काहून नाही आली?”

“वो तो फोटो में साफ लिखी है.” त्यांनी करकर आवाज करत मॉनिटर तिच्याकडे वळवला.

“वळवून राह्यले का? वळवा, अजून थोडा वळवा,” बहीण म्हणाली.

वर्णनात काय लिहायचं हे कोण ठरवतं, असं मी विचारलं. मसुदा सचिव पाहतात, असं उत्तर मिळालं. आधी उपाध्यक्षांचा उल्लेख राहून गेला होता. त्यांचा फोन आला आणि त्याच दुपारी दुरुस्ती झाली. तारखेसाठी कोणाचा फोन आला नव्हता.

संकेतस्थळाच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चिन्ह आहे. ते दाबलं की अक्षरं मोठी होतात आणि पान पिवळं होतं. गृहस्थांनी तेही बहिणीला दाखवलं.

तिने फेरमुलाखत मागितली. सूचना वेळेत प्रसिद्ध झाली होती, आता काही करता येणार नाही, असा निरोप सचिवांनी आतून पाठवला. शुक्रवारी त्या जागेवर दुसऱ्या उमेदवाराची नेमणूक झाली.