आर्द्रेचा तारा मंदावला तेव्हा

बाबांना साखर निघाली तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी डोळे जपा, दर सहा महिन्यांनी दाखवायला या, असं बजावलं होतं. बाबांनी त्यावर घरचीच तपासणी काढली. हिवाळा लागला की सौंसरच्या आमच्या गच्चीवर रोज संध्याकाळी उभं राहायचं, एकेक डोळा झाकायचा आणि मृगाच्या खांद्यावरचा तांबडा तारा बघायचा. जन्मभर संत्र्याची बाग केलेल्या माणसाला हा आर्द्रेचा तारा लहानपणापासून पाठ. तो ठळक दिसला की डोळे शाबूत. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण घरात माझं ऐकतं कोण.

२०१९च्या डिसेंबरात तो तारा मंदावला. बाबांनी मोटरसायकलची किल्ली काही न सांगता आईकडे दिली. शेवटी मला वर बोलावून म्हणाले, आर्द्रा आता शेजारच्या रोहिणीहूनही फिकी दिसते. वर बघितलं, तर मलाही तशीच दिसली.

मग पेपरात आलं. हा राक्षसी तारा. असे तारे फुगतात, आकसतात, त्यांचं तेज कमीजास्त होतं, यंदा जरा जास्तच उतरलं. मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका, आणि डोळे दाखवायला नागपूरला जायचं ठरलं होतं, ते त्यांनी रद्द केलं.

"आता डॉक्टर कायले व? ताराच बिघडला, माया डोया नाही."

मी चिडले, भांडले. आईनेही त्यांचीच री ओढली. मार्चात टाळेबंदी लागली, सगळं बंद झालं. नागपूर तसं जवळ, पण राज्य दुसरं. सीमेवर नाका लागला.

एप्रिलात एका संध्याकाळी आर्द्रा पुन्हा पूर्वीसारखी तेजाळ दिसली. मी हरखून बाबांना वर नेलं. जिन्यात ते कठडा चाचपडत चढले, ते मला आवडलं नाही. आता रोहिणीहून ठळक झाली की नाही, मी विचारलं. त्यांनी एकेक डोळा झाकून पश्चिमेकडे बघितलं.

"शुक्र दिसून राहिला. रोहिणी कोठी गेली व?"

रोहिणी समोरच होती. रस्ता कधी उघडेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मावळली, बाबा," मी म्हणाले, आणि त्यांचा हात धरून त्यांना खाली आणलं.