तळमजल्यावरचा ब्लूज

सिंगापूरच्या टॅम्पिनीसमध्ये आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यावर एक निवृत्त चिनी वेल्डर रोज संध्याकाळी माउथ ऑर्गनवर ब्लूज वाजवायचा. गोदीत भेटलेल्या एका काळ्या अमेरिकन खलाशाने त्याला तो शिकवला होता. लांब सूर ओढताना तो डोळे मिटून चप्पल आपटायचा.

मुलाची परीक्षा आली, तेव्हा मी मोबाइलवरून निनावी तक्रार केली. खाली जाऊन सांगायला दोन मिनिटे लागली असती. वाजवणे बंद झाले.

पुढच्या आठवड्यात तो लिफ्टमध्ये भेटला.

"कुणीतरी तक्रार केली, लाह," तो सिंगापुरी लकबीत म्हणाला. "तुमची खिडकी रोज उघडी असायची. वाटायचं, एक घर तरी ऐकतंय."

"कोण असतात अशी माणसं!" मी म्हणालो.

"जाऊ द्या. त्यांचीही काही अडचण असेल," तो म्हणाला आणि माझा मजला येईपर्यंत माझीच समजूत घालत राहिला.