व्यासपीठावरची नावं

विद्यार्थ्याचं खरं शिक्षण वर्गाच्या बाहेर होतं. हे वाक्य मी आजवर अनेक ट्रॉफ्यांवर कोरून दिलं आहे. लहान पाटीवर ते मावत नाही, तेव्हा 'वर्गाच्या बाहेर' काढून मी 'वर्गात' करतो. अजून कुणाची तक्रार आलेली नाही.

केजला माझं स्टेशनरीचं दुकान आहे. ते वह्या-पेनांवर चालत नाही, सत्काराच्या सामानावर चालतं. शाली, फेटे, ट्रॉफ्या, छापील प्रमाणपत्रं हे सगळं आमच्याकडं मिळतं. नारळ तेवढा शेजारच्या किराणावाल्याचा. त्यामुळे अभ्यासाखेरीज मुलांनी काय काय करावं, या विषयावर माझं मत निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बारावीचे निकाल लागले की पालक दुकानात येतात. पुण्याच्या काही कॉलेजांत गुणांसोबत 'इतर उपक्रम' विचारतात, हे त्यांना तोवर कळलेलं असतं. परवा नांदूरघाटचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले.

"आप्पा, वृक्षारोपणाचं द्या की एखादं."

"कुठलं झाड लावलं त्यानं?"

"ते तुमीच टाका. कडुनिंब टाका, फारम लई मोकळं दिसायलंय."

मी म्हणालो, मी छापतो फक्त, सही शाळेची लागते. ते म्हणाले, सहीचं आमी बघतो. मुलगा सारा वेळ कॅरमच्या सोंगट्या बघत उभा होता. तो तालुक्यात कॅरम उत्तम खेळतो, असं मागाहून कळलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या मुलीची गोष्ट वेगळी होती. तिचा उपक्रम खरा होता आणि तोच अडचणीचा ठरणार होता. नववीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणाऱ्या सरांचा घसा बसला आणि माईक तिच्या हातात आला. तेव्हापासून ट्रॅक्टरच्या शोरूमचं उद्घाटन असो, गुरुजींची सेवानिवृत्ती असो की पुढाऱ्याचा वाढदिवस, बोलावणं तिलाच. आमच्याकडं सूत्रसंचालनाचा अर्थ एकच : व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येकाचं नाव, पदासकट, मानाच्या क्रमानं घेणं. बाकी कार्यक्रम नावांच्या मधल्या फटीत होतो.

एकदा तिच्याकडून दूध संघाच्या एका माजी संचालकांचं नाव राहिलं. हा माझा शाळासोबती. दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात हजर.

"कामून रे, तुझ्या पोरीला आमी दिसलो न्हाई का? पयल्या खुर्चीवर बसलतो की."

"लहान हाय ती. चुकली."

"लहान कशाची? सरपंचाचं नाव बरोबर दोनदा घेतलं तिनं!"

शेवटी मुलीला घरातून बोलावलं. तिनं काउंटरपाशी उभं राहून, दोन गिऱ्हाइकांच्या साक्षीनं, त्यांचा पूर्ण परिचय करून दिला. मी शाल घातली. "आता बरं वाटलं," म्हणून ते शाल घेऊन गेले. तेव्हापासून ती कार्यक्रमाच्या आधीच जाऊन कोण कुठं बसणार हे विचारून घ्यायला लागली.

बारावीनंतर तिला मानसशास्त्र शिकायचं होतं, तेही पुण्याच्या एका विशिष्ट कॉलेजात. तिथं नाही झालं तर गावातलं कॉलेज होतंच. त्या कॉलेजात मुलं परीक्षेपुरती येतात, आणि मुलगी घरी बसलेली दिसली की आत्या-मावश्या स्थळं घेऊन येतात. एक आत्या तर निकालाच्या आधीच येऊन गेली होती.  मुलगी नेमकी आत्याच्या चहात साखर टाकायला विसरली.

मुलाखत ऑनलाइन होती. घरात नेट धड येत नाही, म्हणून दुकानामागच्या गोदामात, ट्रॉफ्यांच्या खोक्यांपुढं ती लॅपटॉप घेऊन बसली. मी अर्ध्या उघड्या दाराबाहेर उभा होतो. पडद्यावर एक बाई आणि एक सर दिसत होते, तिसऱ्याचा कॅमेरा बंद होता.

"एका मिनिटात स्वतःबद्दल सांग. मराठीत चालेल," बाईंनी म्हटलं.

ती ताठ बसली आणि सवयीनं सुरू झाली. "आजच्या या मुलाखतीच्या अध्यक्षस्थानी असलेल्या आदरणीय मॅडम, आपला अमूल्य वेळ काढून उपस्थित राहिलेले सन्माननीय सर..." तिसऱ्यापाशी ती अडखळली. नाव नाही, चेहरा नाही. पण अनुभव दांडगा. "आणि अनवधानानं ज्यांचा नामोल्लेख राहिला असेल त्यांनी मोठ्या मनानं क्षमा करावी."

मिनिट संपलं. मी दाराची कडी घट्ट धरली.

"आणि तू कोण?" बाईंनी विचारलं.

"मी सूत्रसंचालन करते."

कुणीतरी हसलं. बहुधा कॅमेरा बंद असलेला. मग बाईंनी विचारलं, त्यातून तू काय शिकलीस? आत्मविश्वास, नेतृत्वगुण, संघभावना ही उत्तरं माझ्या ओठांवर होती. ती सगळी मी छापलेली आहेत. मुलीनं त्यातलं एकही घेतलं नाही.

"नाव घ्यायचं राहिलेल्या माणसाला भाषण ऐकू येत नाही," ती म्हणाली. "तो नुसती वाट बघत असतो. म्हणून नावं आधी घेऊन टाकायची. मग तो चांगला ऐकतो, कधी कधी रडतो पण. आमच्याकडं एका सेवानिवृत्तीला सगळ्यांची नावं झाली आणि शाळेत घंटा देणाऱ्या मामांचं राहिलं. ते मागं उभे होते. मी घेतलं, तर ते भाषण संपेपर्यंत उभेच राहिले, खुर्ची दिली तरी."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.  मग तिला गणिताचे गुण विचारले आणि मुलाखत संपली.

ती बाहेर आली. "पप्पा, गेलं."

"काय गेलं?"

"मिनिट."

यादी लागली तेव्हा ती प्रतीक्षायादीत पहिली होती. आत्या पुन्हा येऊन गेली. नंतर पंधरवड्यानं कॉलेजचा फोन आला, प्रवेश झाला.

गावच्या प्राचार्यांनी लगेच सत्कार ठेवला. अभ्यासेतर उपक्रमांनी व्यक्तिमत्त्व कसं घडतं यावर ते पाऊण तास बोलले. सूत्रसंचालनाला दुसरं कुणी नसल्यामुळं स्वतःचं नाव पुकारून मुलीलाच पुढं यावं लागलं.

मुख्य यादीतल्या एका मुलीला आयुर्वेदाला प्रवेश मिळाला, म्हणून पुण्याची ती जागा रिकामी झाली होती.