लोण्याचं बोट

काल्बूबू जन्माची तोतरी. नारिनच्या डोंगराळ मुलखातल्या तिच्या गावात तिच्यावर उपाय काय कमी झाले! मुल्लाने फुंकर घातली, मावशीने गळ्यात लांडग्याचं नख बांधलं. शेवटी तिनेच ठरवलं, आपली जीभ ही अशीच, असू दे. लोक तिची वाक्यं पुरी करत, बहुतेकदा चुकीची. ती मान हलवून मोकळी होई.

एकुलती नात झाली तेव्हा मात्र तिला हाव सुटली. तिकडची रीत अशी, बाळाच्या तोंडात पहिलं बोट लोण्याचं. ज्याचं बोट, त्याचा गुण बाळात उतरतो म्हणतात. ते बोट आपलं असावं! लोकरीचे जाड नमदे शिवण्यात गावात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तो गुण उतरला तर काय वाईट?

लोणी पातळ करून वाटी घेऊन ती आत गेली. घरात तिला सगळे आपा, म्हणजे आई, म्हणत. सून चिनारा खाली बघत म्हणाली, "आपा, रागावू नका हं. गावातल्या झूराआजींना बोलावलंय. लग्नकार्यात किती छान बोलतात त्या."

"बोलते कसली, थांबतच नाही ती!" मुलगा एर्मेक हसला. हसून वेळ मारून नेणं त्याला बरं जमे.

झूरा आली तशी काल्बूबूने वाटी तिच्या हाती दिली. स्वतःच्या बोटाला लागलेलं लोणी तिने रुमालाला पुसून टाकलं.

चार वर्षांनी नात बेगायिम बोलताना अडखळायला लागली. हे रक्तातून येतं, असं दवाखान्यातली डॉक्टरीण सांगत होती. पण पोरसवदा डॉक्टरणीचं ऐकतो कोण?

ईदला घर पाहुण्यांनी भरलं. पाव मोडता मोडता झूरा म्हणाली, "माझ्या बोटाने असं व्हायचं नाही बाई! माझ्याआधी कुणी चाटवलं तर नव्हतं ना?"

सगळे काल्बूबूकडे बघायला लागले.

"आपा, खरं सांगा," चिनारा म्हणाली. "तुम्ही चाटवलं होतंत?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण जन्मभर मानच हलवली होती. हे तिला तोंडाने सांगायचं होतं.

"न... न..."

"राहू दे, आपा," एर्मेक म्हणाला. "झालं ते झालं."

"माया असते गं," झूराने उसासा टाकला. चिनारा डोळे पुसत किटली आणायला उठली. झाला निवाडा!

काल्बूबू थांबली नाही. शेजारी बसलेली बेगायिम तिच्या ओठांकडे बघत होती. तिने आजीच्या तोंडात शब्द घातला नाही. एवढ्या वेळात चहावर साय धरली.

"न... नाही चाटवलं."

तोवर गप्पा घोड्यांच्या शर्यतीवर गेल्या होत्या. ऐकलं ते एका बेगायिमने. ती आजीला बिलगली आणि म्हणाली, "क-क-का नाही?"

काल्बूबूने तिला भरवायला पावाचा तुकडा लोण्यात बुडवला, आणि तसाच हातात धरून बसून राहिली.