दोन भोंगे, एक तिकांडं

दुष्काळाच्या साली आमच्या गावात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं तेवढी उरायची. बाकीचं गाव ऊस तोडायला पश्चिमेकडच्या सहकारी कारखान्यांवर. माझे आईबापही जायचे. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मी चुलतीकडे राहायचे आणि दिवाळीपासून होळीपर्यंत आईवाचून झुरायचे.

निघताना आईने सांगितलं होतं, "कारखान्याचा भोंगा झाला की तिकांडं बघ. मीबी तिथं भोंग्याला बघन." तिकांडं म्हणजे एका ओळीतले तीन तारे. आमच्या भागातल्या कारखान्याला ऊस मिळायची मारामार, भोंगा मात्र रात्री दहाला बिनचूक. मी अंगणात येऊन वर बघायचे. आईही आत्ता बघतेय, एवढ्यावर माझा दिवस निघायचा.

पुढे दीर्घिकांचा अभ्यास हाच माझा धंदा झाला. काही दीर्घिकांचा गाभा फार तळपतो, पण तो असतो एवढासा, की एकट्या रेडिओ दुर्बिणीला नुसता ठिपका दिसतो. म्हणून हजारो किलोमीटर लांबच्या दोन दुर्बिणी एकाच क्षणी तिकडे वळवतात आणि दोघींच्या नोंदी जुळवतात. जितक्या लांब, तितकं बारीक दिसतं. दोघी मिळून एक दुर्बीण, हे कोयत्याच्या पोरीला वेगळं शिकवावं लागलं नाही. फक्त दोन्हीकडची घड्याळं जुळली पाहिजेत. एकदा ती जुळली नाहीत आणि आमचं सगळं निरीक्षण पाण्यात गेलं. त्या दिवशी एकदम मनात आलं: दोन कारखान्यांचे भोंगे तरी एका वेळी कुठे होत असतील?

मी परदेशातून आईला फोन लावला आणि तेच विचारलं.

"न्हाई गं," आई हसली. "पैल्याच दिशी कळलं मला. आमचा भोंगा दिवस बुडताच व्हायचा. तवा कुठलं आलंय तिकांडं? पण तुला सांगू कसं? मग ते उगवंस्तोवर वाट बघायचे. आन तुझा भोंगा कवा होतोय, मला काय ठाव? म्हनून मोळ्या वाहतानाबी मान वरच. तुझा बाप लई वरडायचा."

आणि मी? भोंगा झाला की मी तिकांडं एकदा बघायचे आणि थंडी वाजते म्हणून लगेच घोंगडीत शिरायचे.